नाव गुप्त ठेवण्यात येईल

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी पोलिसांचं एक पत्रक चिकटवलेलं दिसलं. संशयास्पद व्यक्ती, वाहन किंवा बेवारस वस्तू आढळल्यास ११२ क्रमांकावर कळवा, असा नेहमीचा मजकूर. खाली जाड ठशात एक ओळ होती : माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यात येईल. अशी पत्रकं आपण एस.टी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर आयुष्यभर पाहत आलो आहोत. वाचतो आणि पुढे जातो. मी मात्र या वेळी त्या शेवटच्या ओळीपाशी अडलो. हे वचन नक्की देतं कोण? कुठल्या कायद्याने? आणि कधीपासून? इतिहासाचा मास्तर निवृत्त झाला तरी ही खोड काही निवृत्त होत नाही. दोन-तीन आठवडे याच नादात गेले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगणार आहे.

नादी लागायला एक जुनं कारणही आहे. ते आधी सांगून टाकतो.

१९८३ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिकवत होतो. आमच्या भाड्याच्या खोलीची मागची खिडकी एका गोदामाच्या बोळात उघडायची. त्या काळी रॉकेल रेशनवर मिळे. महिनाअखेरीस बाया डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि ‘संपलं’ ऐकून परत जायच्या. मला मात्र महिन्यातून दोन-तीनदा रात्री एक-दीडच्या सुमाराला त्या बोळात टेम्पो लागलेला दिसे. बॅरलं चढवली जात, आणि दिवे न लावता टेम्पो निघून जाई.

एका रविवारी सकाळी मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं, माझं नाव आणि पत्ता कागदावर उतरवला, चहा पाजला. ‘काळजी करू नका सर, नाव बाहेर जाणार नाही,’ असंही म्हणाला. मंगळवारी संध्याकाळी बाजारात त्या गोदामवाल्याचा माणूस भेटला. हसून म्हणाला, ‘सर, रविवारी चौकीत चहा घेतलात म्हणे. आमच्याकडंबी येत जा की कधी चहाला.’

बस, एवढंच. ना धमकी, ना शिवी. पण पुढचे दोन महिने आमच्या घरातलं कुणी दिवेलागणीनंतर बाहेर पडलं नाही. मुलगी चौथीत होती, तिला शाळेत सोडायला नि आणायला मी स्वतः जायचो. टेम्पो काही दिवस दिसला नाही, मग पुन्हा यायला लागला. मी त्या खिडकीला पडदा लावला.

आता कायद्याकडे वळू. माहिती देणाऱ्याचं नाव झाकणारं आपल्याकडचं सगळ्यात जुनं कलम म्हणजे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातलं १२५ वं. हा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या कायदेपंडिताने तयार केला. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायला मॅजिस्ट्रेटला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही, असं हे कलम सांगतं. पुढे १८८७ साली महसूल अधिकाऱ्यांनाही तीच सवलत मिळाली. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे कलम १३१ क्रमांकाने तिथेही आहे.

कलम पुन्हा वाचून पाहा. संरक्षण कुणाला आहे? पोलीस अधिकाऱ्याला. त्याला कोर्टात बोलायला भाग पाडता येणार नाही. त्याने आपणहून कुठे बोलू नये, याबद्दल कलमात चकार शब्द नाही. म्हणजे माझं नाव त्या गोदामापर्यंत ज्याने कुणी पोहोचवलं, त्याने १२५ वं कलम मुळीच मोडलं नव्हतं! कोर्टात कुणी त्याला विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षांनी हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

हा नियम स्टीफनने विलायतेतून आणला. तिथला त्याचा जन्म मोठा विचित्र आहे. १७९४ साली लंडनमध्ये टॉमस हार्डी नावाच्या एका चांभारावर राजद्रोहाचा खटला चालला. त्याचा गुन्हा काय, तर सामान्य माणसाला मताचा हक्क मिळावा म्हणून त्याने एक संस्था चालवली होती. सरकारने त्या संस्थेत आपले हेर पेरले होते. हार्डीचे वकील अर्स्किन यांनी साक्षीदारांना खोदून विचारलं, की ही माहिती तुम्ही कुणाच्या हाती दिली, कुणामार्फत वर पोहोचवली? न्यायाधीशांनी ते प्रश्न विचारू दिले नाहीत. खबर देणाऱ्याचं नाव उघड झालं तर पुढे कुणी खबर देणार नाही, असं त्यामागचं तत्त्व. हार्डी सुटला, पण नियम राहिला. १८९० च्या ‘मार्क्स विरुद्ध बेफस’ या खटल्यात लॉर्ड ईशर यांनी त्याला एक महत्त्वाची जोड दिली. आरोपी निर्दोष आहे हे दाखवण्यासाठी ते नाव उघड होणं आवश्यक असेल, तर ते सांगावं लागेल. आपल्या कलमात हा अपवाद शब्दांत लिहिलेला नाही.

तेव्हा सज्जन शेजाऱ्याला झाकणारं पांघरूण आणि सरकारी हेराला झाकणारं पांघरूण, दोन्ही एकाच कापडाची आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आपल्याकडे इंग्रजांच्या आधी काय होतं? इंग्रजीतल्या ‘व्हिसल ब्लोअर’ला मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा छान शब्द दिला. तो आपल्या गावगाड्यातला आहे. जागल्या म्हणजे रात्री गावावर जागता पहारा ठेवणारा. मुलखाप्रमाणे तो कुठे रामोशी असे, कुठे महार, कुठे मांग, कोळी किंवा भिल्ल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली एक अहवाल लिहिला. त्यात या पहारेकऱ्याची कामं दिली आहेत. गावात कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायची, परक्या माणसांवर लक्ष ठेवायचं आणि संशयित माणसांची खबर पाटलाला द्यायची. आज जिन्यापाशी लावलेलं पत्रक आणि दोनशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर यांत काडीचा फरक नाही.

फरक पुढे आहे. गावात चोरी झाली तर जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावावर. माग लागला नाही तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई जागल्याने ऐपतीप्रमाणे करायची, उरलेली गावाकडून वसूल. म्हणजे खबर देणं हे त्याच्यावरचं ओझं होतं, आणि चुकला तर दंडही त्यालाच. त्या बदल्यात खळ्यावरचं बलुतं किंवा वतनाचा तुकडा. गावाने त्याच्या डोळ्यांवर झोप घेतली, पण त्याला बसायला जागा दिली ती वेशीबाहेर. ही असली वतनं म्हणजे गुलामी आहे हे डॉ. आंबेडकरांनी ओळखलं आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. कनिष्ठ गाव वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

त्यातही दैवाचा खेळ असा, की गावाचे पहारेकरी म्हणून राबलेले रामोशी आज आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ साली तो सगळीकडे लागू होण्याची सोय झाली. कुणी काही करो न करो, जन्मानेच संशयित. अशा लोकांच्या हालचालींची खबर देणं हे गावकामगारांवर कायद्याने बंधनकारक होतं. हा कायदा १९५२ साली गेला. संशय मात्र इतक्या सहजी जात नाही, त्याकडे पुढे येतो.

आता मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट. शब्द पाहा : खबऱ्या, चुगलखोर, चहाडखोर, फितूर. पोलिसांना माहिती देणाऱ्या माणसासाठी आपल्या बोलण्यात एकही मानाचा शब्द नाही. ‘जागल्या’ त्या अर्थाने आला तो अगदी अलीकडे. असं का? मला वाटतं, याचं एक उत्तर पुण्याच्या इतिहासात आहे, आणि ते मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आहे.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं. गणेश शंकर द्रविड आणि रामचंद्र शंकर द्रविड या भावांनी दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले आणि एप्रिल १८९८ मध्ये फाशी गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घरातून बाहेर बोलावलं आणि गोळ्या घातल्या. निरोप काय दिला, तर पोलिसांनी बोलावलंय म्हणून! पोलिसांचं बोलावणं आलं म्हणून ते दोघे विश्वासाने घराबाहेर पडले. वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चापेकर तिघेही त्याच वर्षी मे महिन्यात फासावर चढले.

हा धडा शिकवताना मी ‘द्रविड’ हे नाव ज्या सुरात उच्चारायचो, तो सूर मला अजून आठवतो. १९८३-८४ सालीच, म्हणजे माझ्या चौकीवारीनंतर काही महिन्यांनी, मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘सर, पण द्रविडांनी सांगितलं ते खरंच होतं ना? मग ते वाईट कसे?’ वर्ग हसला. मी ‘देशाशी गद्दारी’ वगैरे ठरलेलं उत्तर दिलं आणि पुढे गेलो. उत्तर चूक नव्हतं, पण पुरं नव्हतं. परक्या सत्तेच्या दीडशे वर्षांत पोलिसाला सांगणं म्हणजे आपल्या माणसाला विकणं, हे आपल्या रक्तात भिनलं. स्वराज्य आलं, तरी तो सूर तसाच राहिला. आणि गंमत म्हणजे कायदाही बराचसा तसाच राहिला.

त्या कायद्याचा हिशेब थोडक्यात मांडतो. खून, दरोडा, अन्नातली भेसळ अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३९ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३३ आहे. खोटी माहिती दिली तर शिक्षा. दंडविधानात ते कलम १८२ होतं, न्याय संहितेत २१७ आहे. म्हणजे सांगितलं पाहिजे, आणि खोटं सांगितलं तर तुरुंग. यात आपल्या बाजूने काय? तर अब्रूनुकसानीच्या ४९९ व्या कलमाचा आठवा अपवाद. ज्याला कारवाईचा कायदेशीर अधिकार आहे अशाकडे सद्भावनेने तक्रार केली, तर ती बदनामी ठरत नाही. कायद्यात याची उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक मला फार आवडलं : मुलाच्या वागण्याची तक्रार त्याच्या वडिलांकडे केली तर ती बदनामी नव्हे. आम्हा मास्तर मंडळींना १८६० पासून हे अभय होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता!

यातला ‘सद्भावनेने’ हा शब्द महत्त्वाचा. त्याच दंडविधानाची व्याख्या सांगते, की योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावनेची मानता येत नाही. नुसतं मन साफ असून भागत नाही, डोळे उघडे ठेवून खातरजमाही केली पाहिजे.

पण कोर्टातल्या बदनामीची भीती किती जणांना असते? भीती असते ती गल्लीतली. तिच्यावर कायद्याने पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला तो विधी आयोगाच्या डिसेंबर २००१ च्या १७९ व्या अहवालात. तो अहवाल पडून होता. नोव्हेंबर २००२ मध्ये सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. आपलं नाव गुप्त ठेवावं, अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत दुबेंचा खून झाला. तपासात तो लुटीसाठी झाल्याचं सीबीआयने म्हटलं आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. ते खरं धरलं तरी पत्रावरचं नाव फिरलं कसं, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने टोचणी लावल्यावर एप्रिल २००४ मध्ये सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचं आणि तक्रारदाराला जपण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं.

आपल्या महाराष्ट्राने याची किंमत फार जवळून पाहिली. जमीन व्यवहार माहितीच्या अधिकारात उघडकीला आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असता मारले गेले. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधन भेसळीवर कारवाई करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. ते तर स्वतः सरकार होते. ती बातमी वाचली तेव्हा मला १९८३ ची ती बॅरलं आठवली आणि रात्रभर झोप लागली नाही. ‘आमच्याकडंबी चहाला या’ या वाक्याचा पुरा अर्थ मला अठ्ठावीस वर्षांनी कळला.

पुढे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. पण तो लागू करण्याची अधिसूचना मी हे लिहीपर्यंत निघालेली नाही. शिवाय तो सरकारी कारभारातल्या गैरप्रकारांपुरता आहे.

दुसरी बाजू सांगितली नाही तर हिशेब अपुरा राहील. अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये मिनियापोलिसच्या विमानतळावर सहा इमामांना विमानातून उतरवलं गेलं. सहप्रवाशांना त्यांचं वागणं संशयास्पद वाटलं होतं. निघण्यापूर्वी त्यांनी तिथे नमाज पढला होता. इमामांनी दावा लावला, त्यात खबर देणाऱ्या अनोळखी प्रवाशांनाही ओढण्याची तयारी दाखवली. त्यावर २००७ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला, की प्रवासातल्या संशयास्पद हालचालींची खबर सद्भावनेने आणि वाजवी संशयावरून देणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. इमामांच्या दाव्यात विमान कंपनी आणि विमानतळाने २००९ साली तडजोड केली. तिथे खबर देणाऱ्याला भीती कोर्टाची, आपल्याकडे गुंडाची. पण ज्याच्याबद्दल खबर दिली जाते त्याची भीती दोन्हीकडे सारखीच.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवर अफवा फिरत होत्या. संशय आला तर पोलिसांना कळवायचं असतं, आपण निकाल लावायचा नसतो, हे तिथे कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण पोलिसांपेक्षा जमावावर भरवसा जास्त असेल. मला वाटतं, खबर देणाऱ्याला अभय नसलं की लोक दोन गोष्टी करतात. एकटा असला की पडदा लावतो, आणि शंभर असले की दगड उचलतात. पहिली मी केली आहे, म्हणून दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचा मला फारसा अधिकार नाही.

सगळंच अंधारात आहे असं मात्र नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याची अवस्थाही पूर्वी हीच होती. उचलून दवाखान्यात नेलं की पोलीस त्यालाच बसवून ठेवत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याच्यासाठी नियम बांधून दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचं बळ दिलं. नव्या संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे. मदत करणाऱ्याला कायदा मिळाला, साक्षीदाराला मिळाला. रात्रीचा टेम्पो पाहून चौकीत जाणारा, पण साक्षीदार नसलेला माणूस या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे. त्याच्यासाठी अजून १८७२ चं तेच कलम.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आज काय सांगेन? सांगेन, की बाळा, सांगितलेलं खरं होतं की खोटं एवढ्यावर माणूस चांगला-वाईट ठरत नाही. कुणाच्या भल्यासाठी सांगितलं, सांगण्याआधी किती खात्री केली आणि बदल्यात काय घेतलं, हेही पाहावं लागतं. आणि आणखी एक. ज्या राज्याने सांगायला लावलं, त्याने सांगणाऱ्याच्या दाराशी कुणाला उभं केलं, हेही पाहावं लागतं. द्रविडांच्या दाराशी कुणी नव्हतं.

असो. मागच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीला पोलीस ठाण्यातून एक तरुण महिला शिपाई आली होती. मी पत्रकाबद्दल विचारलं, ‘नाव गुप्त ठेवणार म्हणता, पण कुठल्या कायद्याने?’ ती म्हणाली, ‘काका, नाव सांगूच नका. ११२ वर नुसतं कळवा.’ मी म्हटलं, ‘फोन केला की नंबर तर तुम्हाला दिसतोच ना?’ ती मोकळेपणाने हसली. म्हणाली, ‘दिसतो. पण आम्ही सांगत नाही.’

मी तिच्यावर विश्वास ठेवला. पण हा विश्वास तिच्यावर होता. तो कायद्यावर ठेवता येईल, तेव्हा त्या पत्रकातली शेवटची ओळ खरी होईल.